रिकाम्या खुर्चीची चाचणी

चौसाळ्याच्या पुढे हायवेला लागून निळ्या पत्र्याची एक मोठी शेड आहे. तिथं बसच्या बॉड्या बनतात. सांगाडा आणि इंजिन दुसरीकडून येतं. पत्रा, काचा, सीटा, दारं आम्ही चढवायचो. आम्ही म्हणजे कामगार. मी तिथं नऊ वर्षं काढली. आधी वेल्डर, मग फिटर, आणि शेवटची चार वर्षं चाचणी विभागात. विभाग हा शब्द मोठा आहे. मी, एक टेबल, एक मोजपट्टी आणि सह्या करायचा कागद, एवढाच तो विभाग.

सुरुवातीला आम्ही शाळेच्या बस आणि ट्रॅव्हल्स बनवायचो. मग शहरांच्या टेंडरांमध्ये लो-फ्लोअर बस मागायला लागले. म्हणजे दाराला पायऱ्या नाहीत, आतली फरशी खाली, म्हाताऱ्या माणसाला चढता येईल अशी, आणि व्हीलचेअर आत न्यायला दारात घडीचा रॅम्प. टेंडर आलं आणि आमच्या मालकांना एकाएकी अपंगांचा कळवळा आला. तोपर्यंत त्यांना तो कधी आल्याचं मी पाहिलं नव्हतं.

मालक बागायतदार घराण्यातले. जिल्हा परिषदेला एकदा उभे राहून पडलेले, त्यामुळं भाषणाची हौस बाकी राहिलेली. ती हौस ते आमच्यावर भागवायचे. दर सोमवारी शेडमध्ये कामगारांना उभं करून दहा मिनिटं बोलायचे. 'दिव्यांग' हा शब्द आला की त्यांचा आवाज ओला व्हायचा, आणि पुढच्याच वाक्याला 'ए, तो कटर बंद कर बे' म्हणताना खडखडीत कोरडा. मला सुरुवातीला वाटायचं, माणूस मनाचा मोठा आहे. असं वाटून घेण्यात माझाही फायदा होता, हे आता कळतं.

या कारखान्याचं ऑफिस सात पायऱ्या चढून होतं. वास्तुशास्त्रवाल्यानं तसं सांगितलं होतं म्हणे. एकदा एक कुबड्या घेतलेला पोरगा कॉम्प्युटरच्या कामासाठी मुलाखतीला आला. शिकलेला होता, हातात फाइल होती. वॉचमन म्हणाला, "तुम्ही कशाला चढता, द्या इकडं." फाइल वर गेली. पोरगा खाली कडुलिंबाजवळ तासभर उभा होता. मग वॉचमननं फाइल परत आणून दिली आणि म्हणाला, "कळवतो म्हणले." मी तेव्हा रॅम्पची बिजागरी बसवत होतो. मान वर करून पाहिलं आणि परत खाली घातली.

आता चाचणीचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. बसची फरशी जमिनीपासून सव्वा फूट उंच. रॅम्प तीन फुटांचा. टेंडरमध्ये लिहिलेलं होतं की बस नऊ इंच उंच प्लॅटफॉर्मला लागेल. म्हणून शेडच्या मागं आम्ही नऊ इंचांचा सिमेंटचा ओटा बांधला होता. बस त्या ओट्याला लावायची, रॅम्प उघडायचा, तो ओट्यावर टेकायचा. उतार बेताचा. मग व्हीलचेअर आणायची. ती कंपनीची खास चाचणीची खुर्ची होती, आणि तिच्या सीटवरचं प्लॅस्टिक आल्यापासून कुणी काढलं नव्हतं. एक कामगार एका हातानं ती रिकामी खुर्ची ढकलत आत न्यायचा, दुसऱ्या हातात मोबाइल. मी कागदावर 'योग्य' लिहून सही करायचो. तपासणीचे अधिकारी आले त्या दिवशी मात्र खुर्चीत माणूस बसवला होता. आमचाच पेंटर. तो एका पायावर दुसरा पाय टाकून, हसत हसत आत गेला. अधिकाऱ्यांनीही हसून सही केली.

मी एकदाच ओटा सोडून, साध्या जमिनीवर रॅम्प टेकवून पाहिला. तो उतार नव्हताच, भिंतीला टेकवलेली फळी होती. मॅनेजरांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "टेंडरमध्ये प्लॅटफॉर्म हाय ना?"

"हाय. पण आपल्या बीडला कुठं हाय प्लॅटफॉर्म? गेवराईला कुठं हाय?"

"ते बांधणारे बांधतील. आपण बस बनवतो, रस्ते न्हाई."

हे उत्तर चुकीचं नव्हतं. म्हणूनच ते जास्त नालायक होतं. मी सही केली.

माझी मोठी बहीण गेवराईला राहते. मी तिला अक्का म्हणतो. आम्ही मूळचे शिरूर कासारचे, घरचे सगळे ऊसतोडीला जायचे, तीही लग्नानंतर नवऱ्याबरोबर जायची. एका हंगामात उसाची ट्रॉली उलटली आणि अक्काच्या पाठीचा कणा मोडला. कमरेखाली तिला काही कळत नाही. नवऱ्यानं वर्षभर वाट पाहिली आणि मग दुसरा संसार थाटला. अक्का त्याबद्दल फार बोलत नाही. तिनं गेवराईला बाजारपेठेच्या मागं एक तळमजल्याची खोली घेतली आणि शिवणकाम सुरू केलं. मशीनची मोटर पायानं दाबायची असते, ती कोपरानं दाबता येईल अशी पट्टी मी तिला बसवून दिली. गावातल्या अर्ध्या बायांचे ब्लाऊज तिच्या हातचे आहेत. फिटिंगला ती कडक. बाई म्हणाली सैल ठेवा, तरी ती मापातच शिवणार.

तिला एकच गोष्ट सहन व्हायची नाही. महिन्यातून एकदा तिला बीडच्या दवाखान्यात जावं लागायचं. बसला तीन पायऱ्या. मग कंडक्टर ओरडायचा, "अरे, दोघं-तिघं या रे," आणि लोक यायचे. चांगलेच लोक. एकजण पाय धरायचा, दोघं काखेत हात घालायचे. ती मला एकदा म्हणाली, "हात घालायच्या आधी कुणी इचारत न्हाई. पोत्याला कोण इचारतं? मदत करत्यात, न्हाई कसं म्हणू. पण मला कुणी उचलू नये, येवढंच वाटतं."

मी लो-फ्लोअर बस बनवतो हे कळल्यापासून ती दर खेपेला विचारायची. फरशी किती उंच? चाक अडकतं का? आत खुर्ची धरायला पट्टा आहे का? मी उत्तरं द्यायचो, आणि प्रत्येक उत्तर त्या नऊ इंचांच्या ओट्यावर उभं राहून द्यायचो. ओट्याबद्दल तिला कधी सांगितलं नाही.

मग मालकांनी ठरवलं की बसचं प्रात्यक्षिक आपल्याच जिल्ह्यात करायचं. गेवराईला एक कार्यक्रम, पुढारी, पेपरवाले, मग बस रस्त्यानं फिरवायची. पुढारी म्हणजे मालकांच्याच पक्षातले, आणि त्यांच्याच वाटेत उभे असलेले. दोघांचं बाहेरून गूळपीठ आणि आतून विस्तव. मला ऑफिसात बोलावणं आलं. खुर्ची देऊन बसवलं, चहा मागवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"तुझी बहीण हाय ना रे तशी?" मालक म्हणाले.

"तशी म्हंजे?"

"म्हंजे... आपल्या गाडीला लागती तशी."

हे वाक्य मी अजून विसरलो नाही. बसला काच लागते, रबर लागतं, तशी माझी बहीण. त्या क्षणी मी उठून जायला पाहिजे होतं. मी चहाचा कप हातात धरून "हाय साहेब" म्हणालो. त्यांनी उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शाब्बास. आपल्या घरचं माणूस पाहिजे होतं. बाहेरची लोकं भाव खातात." आणि मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. सात पायऱ्या उतरताना मी वॉचमनला उगाच हाक मारली.

मी मॅनेजरांना एवढं मात्र बजावलं की गेवराईच्या मैदानात नऊ इंचांचा लाकडी प्लॅटफॉर्म पाहिजेच. तीन वेळा सांगितलं. ते तिन्ही वेळा म्हणाले, "मंडपवाल्याला सांगितलंय."

अक्काला विचारायला गेलो. ती काज करत होती. ऐकून घेतलं, दोरा तोडला आणि म्हणाली, "लोकांसमोर शोभा करत्यात, ते मला आवडत न्हाई. पण एक सांग. त्या बशीत मी आपली आपण जाईन का? कुणी उचलणार न्हाई ना?"

"न्हाई."

"मंग येते. एकदा बगू तरी, कसं वाटतं ते."

कार्यक्रमाच्या सकाळी बस चौसाळ्याहून निघाली. बीडच्या अलीकडं एका स्पीडब्रेकरवर तिचं पोट घासलं आणि खालची पट्टी लोंबायला लागली. ड्रायव्हरनं उतरून ती तारेनं बांधली. पुढं प्रत्येक स्पीडब्रेकर आला की तो बस तिरकी घ्यायचा आणि मागचे ट्रकवाले हॉर्न मारायचे. मी मागं उभा होतो. मालकांचे जावई पुढं बसून बाहेरचं शूटिंग करत होते. ते कंपनीची प्रसिद्धी सांभाळायचे. जावई असणं एवढीच त्यांची पात्रता होती आणि तीही सासऱ्यांनी दिलेली.

गेवराईच्या मैदानात पोचलो. मंडप झकास होता. पुढाऱ्यांसाठी चार फूट उंच स्टेज, त्याला गालिचा घातलेल्या पायऱ्या, वर सोफे, मध्ये समई. बस जिथं लावायची तिथं मुरमाची सपाट जमीन. प्लॅटफॉर्म नव्हता. मी मंडपवाल्याकडं धावलो. तो म्हणाला, "मला स्टेज सांगितलंतं. प्लॅटफॉर्म म्हंजे स्टेजच ना?" मॅनेजर मोबाइल कानाला लावून माझ्याकडं न बघता निघून गेले. वर जिल्ह्यातल्या वीस धडधाकट माणसांना बसायला लाकूड पुरलं होतं. एका बाईच्या चाकांपुरतं उरलं नव्हतं.

अक्का तिच्या खोलीपासून आपली आपण चाकं मारत आली होती. नवीन साडी, केसात अबोली. मी जाऊन तिला सांगायला पाहिजे होतं, की अक्का, परत जा, हे जमणार नाही. अजून वेळ होता. पण स्टेजवरून मालकांनी मला हात केला, 'सगळं ठीक?' असा, आणि मी मान डोलावली.

जावई एक नवी कोरी खुर्ची घेऊन आले. आमचीच चाचणीची, शेवटी प्लॅस्टिक काढलेली. "मावशी, यात बसा. तुमची जुनी दिसते. फोटोत बरी दिसत नाही."

अक्का म्हणाली, "ही माझ्या मापाची हाय. तुमी मला पाय बदलायला सांगताय."

ते हसले. त्यांना वाटलं गंमत केली. त्यांनी दोघांना हाताशी घेतलं, "उचला जरा मावशींना." अक्कानं दोन्ही चाकं धरली आणि त्यांच्याकडं असं पाहिलं की ते दोघं जागीच थांबले. नवी खुर्ची मग बाजूला ठेवून दिली.

भाषणं झाली. मालक ओल्या आवाजात बोलले. मग बटण दाबलं, बस फुस्स आवाज करत दाराच्या बाजूला तीन इंच झुकली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. रॅम्प उघडला. त्याचं टोक मुरमावर टेकलं आणि अक्कानं तो उतार पाहिला. मग मला शोधलं. मी रॅम्पच्या बाजूलाच होतो.

मला वाटलं ती नाही म्हणेल. पण एवढ्या लोकांत आलेली, तिलाही मागं फिरणं जड गेलं असेल. ती म्हणाली, "उलटी न्या. पाठ आधी. तसंच चढवायचं असतं."

बरोबर होतं तिचं. उभ्या उतारावर खुर्ची पाठमोरी ओढली तर निदान माणूस पडत नाही. पण जावई म्हणाले, "छे छे, चेहरा कसा येईल मग? सरळच घ्या." आणि कंपनीच्या चौघांनी सरळच घेतली. जोर लावला, खुर्ची रॅम्पवर चढली, आणि अर्ध्यावर पुढची चाकं हवेत उचलली गेली. खुर्ची मागं कलंडली. अक्काचे पाय पट्टीवरून घसरून लोंबकळले, पदर सुटला. मी मागनं पाठ धरली. तेवढ्यात एकानं घाबरून तिच्या काखेत हात घातले.

"हात काढ," अक्का म्हणाली. ओरडली नाही. पण समोर माइक होता आणि ते सगळ्या मैदानात ऐकू गेलं.

आम्ही तिला खाली घेतलं. तिनं पदर नीट केला, हातांनी उचलून एक एक पाय पट्टीवर ठेवला. मालक स्टेजवरून लगबगीनं उतरले आणि माइक हातात घेऊन म्हणाले, "काही हरकत नाही, काही हरकत नाही, ताई जरा घाबरल्या. आपण परत..."

"मी न्हाई भ्याले," अक्का म्हणाली. "सायब, तुमी बसून दाखवा. ती नवी खुर्ची हाय की. तुमी चढा, मंग मी चढते."

लोक हसले. मागून कुणीतरी शिट्टी मारली. मालकही हसले आणि हात हलवून विषय उडवायला लागले. तेव्हा स्टेजवरच्या सोफ्यातून पुढारी म्हणाले, "बसा की मालक. गाडी आपलीच हाय. लोकाला भरवसा येऊ द्या." त्यांचा चेहरा इतका प्रेमळ दिसत होता की त्यातलं विष फक्त मालकांनाच कळलं असेल, आणि गेवराईतल्या सगळ्यांना.

मालक बसले. पांढरा शर्ट सावरून, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरून. मला म्हणाले, "तू ढकल. नीट." मी ढकललं. बाकीच्या चौघांनी बाजूला हात लावल्यासारखं केलं. रॅम्पच्या मध्यावर खुर्ची मागं झुकली, त्यांचं सगळं वजन माझ्या छातीवर आलं आणि ते किंचाळले, "पकड! पकड, अरे पकड!" मी पकडलं होतं. हात सोडावासा वाटला का? वाटला. सोडला नाही. ते माझ्या चांगुलपणामुळं नाही, सवयीमुळं.

आणि मग त्यांनी पाय खाली टेकवले. दोन्ही पाय, पॉलिश केलेल्या बुटांसकट, रॅम्पवर. खुर्चीतून उठले, उरलेली दोन पावलं चालत बसमध्ये गेले आणि दारात वळून दोन्ही हात वर केले. कंपनीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मागच्या लोकांनीही वाजवल्या, कारण टाळ्या वाजत होत्या. मी रॅम्पवर रिकामी खुर्ची धरून उभा होतो.

अक्का बसमध्ये गेली नाही. पुढारी बसले, मालक बसले, पेपरवाले बसले, बस धूळ उडवत गेली. तिच्याकडं कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. तिचं काम झालं होतं.

ती घरी निघाली. मी मागं मागं चालत होतो. बाजारातला रस्ता खडबडीत, तरी ती भरभर चाकं मारत होती. खोलीच्या दारात थांबली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुला म्हाईत होतं?"

"हो."

"आधीपासून?"

"हो."

"मंग कावून सांगितलं न्हाईस?"

मी प्लॅटफॉर्मचं सांगायला लागलो. मंडपवाला, मॅनेजर, टेंडर. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू मला न्हाई सांगितलंस. ते मंडपवाल्यानं थोडंच सांगायचंतं?" आणि आत गेली. मी उंबऱ्यातच उभा होतो. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "भाकर खाऊन जा." तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी सोसल्या असत्या. ती भाकर मात्र सोसवली नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मालक खुर्चीत, रॅम्पवर, चेहरा वरती. खाली लिहिलेलं, उद्योजकानं स्वतः व्हीलचेअरवर बसून बसची चाचणी घेतली, दिव्यांगांच्या वेदना जाणून घेतल्या. पाय टेकवल्याचा फोटो कुणी काढला नव्हता, किंवा काढला असेल तर छापला नव्हता. मालकांनी तो कागद फ्रेम करून ऑफिसात लावला. नंतर कुठल्याशा संस्थेनं त्यावरून त्यांचा सत्कारही केला. आम्हाला टाळ्या वाजवायला गाडीत घालून नेलं होतं. मी वाजवल्या.

मी लगेच नोकरी सोडली, असं सांगायला मला आवडलं असतं. नाही सोडली. दीड वर्ष तिथंच होतो. एक केलं. कामाच्या वेळेनंतर थांबून मी साडेपाच फुटांचा रॅम्प बनवला, मधे घडी पडणारा, कडेला चाक घसरू नये म्हणून उभी पट्टी असलेला. जमिनीवर टेकवला तरी उतार आधीच्या निम्मा. मी तो मालकांना दाखवला. त्यांनी एकदा उघडला, एकदा मिटला.

"चांगला हाय. पण घडी जाड होती. दोन सीटा काढाव्या लागतील."

"हो साहेब."

"मंग न्हाई जमायचं. अरे, दिवसात किती लोक येणार हायत खुर्चीवाले? एक? त्या एकासाठी दोघांना उभं ठेवू का मी?"

भाषणात हाच एक माणूस समाजाचा आरसा होता. सीटांच्या हिशेबात तो नुसता एक झाला. माझा रॅम्प शेडच्या मागं ठेवला गेला. पावसाळ्यात त्यावरून लोक चिखल ओलांडायचे.

सोडायला कारण झालं ते वेगळंच. कंपनीनं नवीन माहितीपुस्तिका छापली. पहिल्या पानावर अक्का. त्या दिवशी रॅम्पवर जायच्या आधी गर्दीतल्या कुणा ओळखीच्या बाईकडं बघून ती हसली होती, तो फोटो. मागं बस, आणि खाली ओळ: 'आता मी कुणावर अवलंबून नाही.' ती असं कधी म्हणाली नव्हती. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

मी पुस्तिका घेऊन वर गेलो. "साहेब, हा फोटो काढा."

"का रे? किती छान आलाय."

"तिला विचारलं न्हाई कुणी. आणि ती तुमच्या बशीत चढली बी न्हाई."

मालकांना खरोखरच आश्चर्य वाटलं. राग नाही, आश्चर्य. "अरे, उलट तिचं नाव झालं. घरात बसून कपडे शिवणारी बाई, मुंबई-दिल्लीपर्यंत पोचली. तुम्हा लोकांचं ना, कितीही करा..." वाक्य त्यांनी सोडून दिलं आणि फोन उचलला.

त्यांच्यासारख्या माणसाशी भांडताही येत नाही. भांडायला समोर माणूस लागतो, आणि त्यांच्या जागी नुसतं एक माहितीपत्रक बसलं होतं. मी टेबलावर चाचणीच्या कागदांचं पॅड ठेवलं आणि म्हणालो, "उद्यापासून सही दुसऱ्या कुणाची घ्या." ते फोनवर बोलत होते. ऐकलं की नाही, माहीत नाही.

अक्काला पुस्तिका दाखवायची हिंमत व्हायला मला आठवडा लागला. तिनं फोटो निरखून पाहिला. "अबोली बरी दिसती," म्हणाली. मग खालची ओळ वाचली आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. "ज्यानं हे लिवलं त्याला माझ्याकडं पाठव. शर्टाची बटणं लावून देते. तेवढं बी त्याला कुणीतरी लावून देत आसंल." बऱ्याच दिवसांनी ती माझ्यासमोर हसली होती.

आता मी चौसाळ्यातच गेट, खिडक्या, ट्रॉल्यांची डागडुजी करतो. गेल्या हिवाळ्यात अक्काला एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात न्यावं लागलं. स्टेशनबाहेर थांब्यावर उभे होतो आणि समोर आमच्याच कारखान्याची बस येऊन थांबली. मी दाराच्या चौकटीवरून ओळखली. त्या थांब्याला चक्क प्लॅटफॉर्म होता, चांगला नऊ इंचांचा. मी पुढं होऊन कंडक्टरला म्हणालो, "रॅम्प उघडा."

"कसला रॅम्प?"

"तुमच्या पायाखाली हाय तो."

तो खाली वाकून बघायला लागला. वरून रबरी चटई घातली होती. तीन वर्षं तो त्या गाडीवर होता आणि दारात काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. कारखान्यानं गाडी दिली, किल्ली दिली, सत्कार घेतला, पण हे उघडतं कसं हे एका माणसालासुद्धा दाखवलं नव्हतं. आतले लोक कुरकुरायला लागले. एक जण म्हणाला, "उचलून घ्या ना त्यांना, दोन मिनिटांचं काम." अक्का त्याच्याकडं बघून म्हणाली, "तुमी बसा निवांत. मला घाई न्हाई."

मी गुडघ्यावर बसून चटई काढली. कडी गंजली होती, वर रंगाचा थर. खिशातल्या स्क्रूड्रायव्हरनं रंग खरवडला, कडी ठोकली, रॅम्प उचलून बाहेर टाकला. ओट्यावर तो बरोबर टेकला. अक्कानं खुर्ची वळवली, पाठ बसकडं केली आणि चाकं मारत आपली आपण वर गेली. मी फक्त बाजूला उभा राहिलो. कुणी हात लावला नाही. आत खुर्चीच्या जागेत कुणाच्या तरी कांद्याच्या दोन पिशव्या होत्या, त्या कंडक्टरनं सरकवल्या. पट्ट्याचं बक्कल तुटलेलं होतं. तिनं दांडा धरला.

बस निघाली. मी तिच्याजवळ उभा होतो. विचारलं, "कसं वाटतंय?"

ती खिडकीतून बाहेर बघत होती. "हादरे लई बसत्यात," ती म्हणाली. "पण खिडकी खाली हाय. समदं दिसतंय."

दवाखान्याच्या थांब्याला प्लॅटफॉर्म नव्हता. तिथं मी आणि कंडक्टरनं मिळून तिला पाठमोरी, सावकाश, एक एक वीत उतरवलं. कंडक्टरनं हात लावायच्या आधी तिला विचारलं, "मावशी, कुठं धरू?" तिनं दाखवलं, तिथं त्यानं धरलं. मग रॅम्प आत घालताना तो माझ्याकडं बघून म्हणाला, "दादा, हे परत कसं बसवायचं ते एकदा दाखवा ना." मी दाखवलं. दोनदा करून घेतलं त्याच्याकडून. मागं बसमधले लोक ओरडत होते.